ऐक : कोकणातल्या इस्रायलींचे श्रवण

महाडहून वरंध घाटाच्या वाटेने गेले की शिवथरघळ लागते. 1930 साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही जागा उजेडात आणली आणि दासबोधाच्या लेखनाशी तिचे नाव जोडले गेले. श्रावणात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो. शेजारच्याचे बोलणे कळत नाही. गेल्या पावसाळ्यात तिथे बसलो असताना दासबोधातल्या नवविधा भक्तीचा क्रम आठवला. पहिली भक्ती श्रवण. बोलणे, गाणे, पूजणे सारे नंतर, आधी ऐकणे.

त्या आठवणीनेच मला याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाकडे नेले.

या समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतके हे लोक तेल गाळत, शेती करत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू प्रार्थना विसरल्या, एक ‘शेमा’ उरली. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’.

या काळाला ‘अज्ञानाचा काळ’ म्हणण्याची रीत आहे. मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. पण डेव्हिड राहाबीची आख्यायिका पाहा. हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले नसलेली मासळी बाजूला काढली. आख्यायिका म्हणून घेतली तरी तिचा रोख स्पष्ट आहे : पोथी बुडाली, पण हात आणि डोळे जागे राहिले. आठवड्यातून एक दिवस घाणा थांबवणे आणि रोजच्या मासळीकडे नीट पाहणे, हीच त्यांची उपासना झाली होती.

निसर्गही त्यात होता. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलिया प्रेषित तिथून स्वर्गात गेला, त्याच्या रथाच्या खुणा दगडावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. झाडांच्या नववर्षाच्या सणाला हे लोक ‘एलियाहू हानबीचा उरूस’ म्हणतात. ‘उरूस’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, ताटातला मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात खोबरे, साखर, वेलची, भोवती फळे. एलियाला हाक मात्र हिब्रूत.

पुढे ग्रंथ परत आले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. 1846 मध्ये वल्हांडणाचा हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. आता शास्त्रोक्त प्रार्थना होती. मग मराठी गाण्याची गरज काय? तरीही 1880च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आदींनी हरिदासांचे पाहून बायबलातल्या चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू केली. मला यात निव्वळ अनुकरण दिसत नाही. हिब्रू पाठ म्हणता येत होता, पण ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडायला साकी-दिंडीच लागत होती. ‘ऐक’ ही आज्ञा कळत्या भाषेतच पुरी होते.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे 1985 पासून नोहा मस्सील यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. कीर्तनाचा रिवाज मात्र आटत गेला. छापील पद ग्रंथालयात मिळते. चाल माणसागणिक जाते. ज्या समाजाने ग्रंथ गमावून सूर राखला, त्याच्याकडे आज ग्रंथ आहेत आणि सूर निसटतो आहे. म्हणून जी वृद्ध माणसे ही पदे अजून गातात, त्यांच्यासमोर जाऊन बसणे हे संशोधनाचे पहिले काम मला वाटते; कागद थांबू शकतात.

परतताना पोलादपूरला कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी थांबलो. शिवचरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. लिहिलेले टिकते याचा तो पुरावा. पण परमानंदांचा आवाज कसा होता, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. खाली सावित्री भरून वाहत होती. थोडा वेळ वही मिटून ऐकत राहिलो.