आशा, पुराव्याधिष्ठित

निसर्गाच्या ऱ्हासाने येणाऱ्या हताशेला उत्तर म्हणून, प्रत्यक्ष मोजलेल्या सुधारणेच्या बळावर जोपासलेली आशा. ‘होईल सगळे ठीक’ हा आशावाद वेगळा; येथे दाखला आधी आणि दिलासा मागाहून. ही संज्ञा रुळवण्यात एलिन केल्सी यांचा वाटा मोठा असून त्यांचे ‘होप मॅटर्स’ हे पुस्तक २०२० साली आले.

जागतिक दाखला : ओझोनचा थर. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक रसायनांचा वापर जवळपास थांबला. अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

महाराष्ट्रातील दाखला : वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी). २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते सागरी गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत येथे आले, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी काढून नेलेले खड्डे त्यांना दिसले. गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी राखण सुरू केली. हंगामात ‘कासवमित्र’ म्हणून काम करणारे गावकरी पहाटेच्या अंधारात किनारा पालथा घालतात. ओल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की तो वर कोरड्या वाळूपर्यंत धरायचा, काठीने चाचपायचे आणि वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरायचे. शंभरावर अंडी निघतात. किनाऱ्यावरच उभारलेल्या कुंपणाच्या आत तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून ती पुरली जातात. तारीख आणि अंड्यांची संख्या नोंदवहीत लिहून ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी वाळू खचते, वर झाकलेल्या टोपलीखाली पिल्ले वळवळू लागतात, आणि ती मोजून पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली जातात. समुद्राकडे ती स्वतःच चालत जातात. या कामाचा कणा ती नोंदवही आहे. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सव २००६ पासून भरतो, पर्यटक गावातल्या घरांतच उतरतात. पुढे वनविभागाच्या पुढाकाराने कोकणातील इतर किनाऱ्यांवरही ही पद्धत पोचली.

मतभेद : अंडी हलवावीत की जागच्या जागी राखावीत, यावर अभ्यासकांत एकमत नाही; पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरत असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मर्यादा : एका किनाऱ्याचे यश सगळीकडे लागू पडत नाही. गिधाडांना घातक ठरलेल्या, जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, तरी गिधाडे पूर्वीच्या संख्येला पोचलेली नाहीत. अशा अपयशाचे आकडेही नोंदीत ठेवले, तरच आशेला पुराव्याधिष्ठित म्हणता येते.

अलीकडील नोंदी : जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसवले गेले; तिचे नाव ‘प्रथमा’. भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरील कासवे वेगळी असावीत, असा समज होता. पण २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली.