बावखलं, पाद्री आणि हिरवी वसई

 

पाऊस लागला की आमच्या वसईच्या बातम्या ठरलेल्या असतात. रूळ पाण्याखाली, सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी, वीज गायब. जुलै २०१८ मध्ये तर मिठागरात माणसं अडकली होती, रेल्वे ठप्प होती. तेव्हापासून एक जुना शब्द पुन्हा ऐकू यायला लागला : बावखल.

नव्या वसईकरांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतला मातीचा खोल खड्डा, छोटं तळंच म्हणा. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि शेजारच्या विहिरींना गोडं ठेवतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना इथे पानवेल आणि राजेळी केळी पिकली ती या व्यवस्थेवर. रहाटाने पाणी उपसायचं, पाटाने वाडीत फिरवायचं आणि उरलेलं पुन्हा जमिनीलाच परत. कोणत्याही इंजिनिअरने आखलेली योजना नव्हे ही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांचं शहाणपण आहे.

या वाड्या कसणाऱ्यांत हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही मोठ्या संख्येने आहेत. इतिहास गोड करून सांगायचा नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत इथे देवळंही पाडली गेली आणि धर्मांतरासाठी सत्तेचा दबावही होता. किल्ल्यातली फ्रान्सिस्कन मठाची पडकी भिंत बघताना हे आठवायलाच हवं. पण पोर्तुगीज गेले, माणसं इथेच राहिली. भाषा सामवेदी नाहीतर वाडवळी, लुगडं लाल, प्रार्थना मराठीत आणि पाय वाडीच्या चिखलात.

मग आला १९८० च्या दशकाचा शेवट. मुंबईला जागा पुरेना आणि नजर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर गेली. जमिनीला सोन्याचा भाव आला. भावाबरोबर दलाल आले, दहशत आली. तेव्हाची वसई ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. जमिनीबद्दल तोंड उघडायला माणसं घाबरत. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळाचं पाणी आलंच नाही. मग वाडीतल्या विहिरींवर टँकर लागले. रात्रंदिवस उपसा. विहिरी खारट व्हायला लागल्या.

या काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९४२ साली नंदाखालला जन्मलेला हा माणूस, 'सुवार्ता' मासिकाचा संपादक. धर्मगुरूने देवळात बसावं, रस्त्यावर येऊ नये, असं म्हणणारे तेव्हा होतेच. त्यांच्याच समाजातही होते. कारण जमीन विकणाऱ्यांत चर्चला जाणारेही होते, आणि हे अवघड सत्य आहे. अशांना रविवारी समोर बसवून 'ही माती तुमच्या मालकीची नाही, तुम्ही राखणदार आहात' ही बायबलची शिकवण सांगणं, हे मोर्चा काढण्याइतकंच धाडसाचं. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र आलं २०१५ मध्ये. वसईत तो विचार त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी रस्त्यावर उतरला होता!

मी स्वतः चर्चला जाणारा नाही. पण पत्रकार म्हणून मला त्या चळवळीतलं एक फार महत्त्वाचं वाटतं. लोकांकडे ना पैसा होता, ना सत्ता. संध्याकाळची प्रार्थना, धर्मग्रामातली रोजची ओळख आणि परसातली विहीर एवढीच शिदोरी. श्रद्धेने भीती घालवली, आणि लढायचं कशासाठी ते विहिरीने दाखवलं. हिंदू शेजारीही सोबत होते, कारण गोडं पाणी कुणाला धर्म विचारत नाही.

चळवळ जिंकली का? अर्धीमुर्धी. पूर्वेला आणि स्टेशनलगत काय झालं ते आपण रोज लोकलमधून बघतो. पण पश्चिमेला गास, भुईगाव, गिरीज, निर्मळकडे स्कूटर वळवा. अजून केळी आहेत, अजून झाडांच्या सावलीत बावखलं आहेत. ती आपोआप वाचलेली नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आलं तेव्हा केवळ धर्मावरून विरोध झाला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी जाऊ नये म्हणून त्यांच्यावरही दबाव आला. रानातला कवी बधला नाही, गेला. आजारी दिब्रिटोही गेले. एक पाद्री, एक शेतकरी कवी, दोघे एका व्यासपीठावर. त्या दिवसांतल्या वातावरणात मला तरी त्या चित्राने बरं वाटलं होतं.

२५ जुलै २०२४ ला, ऐन पावसात, फादर गेले.

आता प्रश्न आपल्या वाट्याचा. बावखलं अजूनही बुजवली जातायत. रात्रीतून भरणी पडते, सकाळी कंपाउंड. वाडी परवडत नाही ही तरुणांची तक्रार खरी आहे, नुसत्या उपदेशाने तिचं उत्तर मिळणार नाही. पण बावखल राखणाऱ्या शेतकऱ्याला पालिकेने घरपट्टीत सूट का देऊ नये? गावागावातल्या बावखलांची नोंद जाहीर का करू नये? तुमच्या आळीत बावखल असेल तर सध्या ते कसं आहे, भरलंय की बुजवलंय, कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. फोटो असेल तर फारच छान. यादी आपणच सुरू करू.