शून्य ते शंभर: कालबाह्य नियमाची उलटतपासणी

पांढुर्णा असो वा सौसर, नवा लॅपटॉप घेणाऱ्याला एक उपदेश हमखास मिळतो. बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच शंभर टक्के भरा. अर्धवट चार्जिंगने ती लवकर खराब होते. हा पक्ष निराधार नाही. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरण्याने बॅटरी कमी चालू लागे, अशी तक्रार खरोखरच होती. शिवाय, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात बॅटरी भरलेली असावी, हे म्हणणेही व्यवहाराचे आहे.

पण १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. ज्या रसायनासाठी नियम घडला, ते लॅपटॉपमधून केव्हाच गेले. मग नियम कशाच्या बळावर उभा आहे?

आज पन्नास टक्के वापरली, रात्री भरली, उद्या पुन्हा पन्नास वापरली, की मिळून चार्जिंगचे एक पूर्ण आवर्तन होते. अर्धवट भरण्याने आवर्तने वाढत नाहीत. उलट दर वेळी तळ गाठण्यानेच बॅटरी अधिक झिजते. टक्केवारीचा आकडा चुकू लागला, तर क्वचित एकदा पूर्ण उतरवून भरावी, तेवढेच.

दुसरा आक्षेप असा, की चार्जर लावून ठेवला तर बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते. होत नाही. भरताच आतले सर्किट प्रवाह थांबवते. दोष निराळाच आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो. त्या दाबाला आतले द्रावण हळूहळू विघटित होते, कामाचे लिथियम अडकून पडते, आणि उष्णता हा ऱ्हास झपाट्याने वाढवते. कॅनडाच्या इसिडोर बुकमन यांच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरचा तक्ता पाहा. २५ अंशांवर वर्षभर ठेवलेल्या, ४० टक्के भरलेल्या बॅटरीची ९६ टक्के क्षमता उरते; पूर्ण भरलेलीची ८०. तापमान ४० अंश केले, की हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. टिनाच्या छपराखालच्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात दिवसभर शंभर टक्के भरलेला राहून तापणारा लॅपटॉप या तक्त्यात कोणत्या बाजूला बसतो? वाचकांनीच ठरवावे.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. रोज ऐंशी टक्केच भरली, तरी बॅटरी पूर्ण भरलेलीच्या चार-पंचमांश वेळ चालते. वळवाचे ढग दाटले किंवा वीज बंद राहण्याची सूचना आली, तर अवश्य शंभर करा. रोज कशासाठी?

अनेक नव्या लॅपटॉपांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती आजच सुरू करा. गादीवर ठेवून चार्ज करू नका, वारा लागू द्या. सुट्टीत बंद ठेवायचा असेल, तर निम्मा भरून सावलीत ठेवा.