गुहेतील लवणस्तंभांवरून जुन्या पावसाचा आणि वनस्पतींचा माग

ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिला असेलच. आम्ल प्रक्रिया करून आपण तो काढून टाकतो. चुनखडीच्या गुहेत हाच थर हजारो वर्षे कोणी न काढता साचत राहतो. छतावरून पाणी ठिबकते त्या जागी जमिनीतून वर वाढणाऱ्या या खांबाला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात.

पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळे आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू त्यात मिसळतो. पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खालच्या चुनखडकाला विरघळवते. गुहेत आल्यावर कर्बवायू निघून जातो व चुना खाली बसतो. वाढ अगदी संथ असते. अनेक स्तंभांना एक मिलिमीटर वाढायला दहा-वीस वर्षे लागतात. प्रत्येक थरात त्या काळच्या पाण्याची आणि मातीची खूण अडकून राहते.

थराचे वय कसे काढतात?

युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नव्या थरात युरेनियम असते, पण थोरियम नसल्यात जमा. पुढे युरेनियमचा ठरावीक वेगाने क्षय होऊन थोरियम तयार होत जाते. दोघांचे प्रमाण मोजले की वय मिळते. या पद्धतीने सुमारे पाच लाख वर्षांपर्यंत मागे जाता येते.

पाऊस आणि पिके कशी ओळखतात?

ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. ढगातून जड ऑक्सिजनचे पाणी आधी पडून जाते. मॉन्सून जोरदार असेल तर उरलेल्या बाष्पातून पडणारे पाणी हलके होत जाते. म्हणून थरात जड ऑक्सिजन कमी आढळला, तर आपल्याकडच्या स्तंभांत तो चांगल्या पावसाचा काळ मानतात. बाष्प कोठून आले यावरही हे प्रमाण बदलते. त्यामुळे त्यावरून थेट मिलिमीटरमध्ये पाऊस सांगणे धाडसाचेच.

वनस्पतींची खूण कर्बात असते, आणि शेतकऱ्याला ती चटकन समजेल. भात, गहू, तूर, कापूस आणि जवळपास सगळी झाडे सी-३ गटातील. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सी-४ गटातील. सी-३ वनस्पती जड कर्ब अधिक टाळतात. म्हणून गुहेवर दाट जंगल असेल तर थरातील कर्ब हलका येतो. जंगल विरळ होऊन गवत वाढले की तो जड होतो. मात्र माती कोरडी पडून मुळांचा श्वास मंदावला तरी कर्ब जडच दिसतो. एकट्या या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे जाणकार आवर्जून सांगतात.

आपल्या जवळची नोंद

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने कोरलेली. तेथे असे स्तंभ मिळत नाहीत. आपल्या पूर्वेला छत्तीसगडमधील बस्तरच्या कांगेर खोऱ्यात मात्र चुनखडकाच्या गुहा आहेत. त्यांपैकी दंडक गुहेतील एका स्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या काळातील मॉन्सूनचा आलेख काढला गेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस दशकानुदशके कमकुवत राहिल्याचे त्यात दिसते. दख्खनमध्ये १३९६ पासून बारा वर्षे चालला असे परंपरेने सांगितले जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला.

मेघालयातील मॉमलुह गुहेच्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मॉन्सून क्षीण झाल्याची खूण आहे. तिच्यावरून भूवैज्ञानिकांनी २०१८ मध्ये सध्याच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले.

शेतीसाठी याचा अर्थ

देशभरातील पर्जन्यमापकांची सलग मालिका साधारण १८७१ पासूनची आहे. आपण १९७२ च्या दुष्काळाला सर्वात वाईट वर्षांत मोजतो. पण ते मोजमाप दीडशे वर्षांच्या आतले आहे. दंडकचा स्तंभ सांगतो, की मॉन्सून त्याहून लांब काळ दगा देऊ शकतो, आणि तेव्हा हवेत आजच्यासारखा वाढलेला कर्बवायूही नव्हता. एका वाईट वर्षासाठी बांधलेले शेततळे सलग चार-पाच कमी पावसाच्या वर्षांना पुरेलच असे नाही. मोसंबी-संत्र्यासारखी वीस वर्षांची फळबाग लावताना, किंवा गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना, लागोपाठच्या अवर्षणाचा हिशेबही करून पाहावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत केवळ सरासरी पाऊस न सांगता सलग तुटीची वर्षे दाखवावीत.

तुमच्या तालुक्यात पुढच्या जूनमध्ये पाऊस कधी येईल, हे स्तंभ सांगत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा अंदाजच पाहावा.

बस्तरला गेलात तर कुटुमसर गुहा पाहता येते. पावसाळ्यात ती बंद असते. आतील स्तंभांना हात लावू नये. हाताचा तेलकटपणा बसला की तेथे चुना नीट साचत नाही, आणि मोडलेला बोटभर तुकडा शेकडो वर्षांचा असू शकतो.