गंजावर पुट्टी

मोटारीच्या इतिहासात मालकाचं नाव असतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला फियाट बनली, पुढं तिचीच पद्मिनी झाली, हे छापलेलं सापडतं. पण मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजणारा तिचा पत्रा कुणी जगवला, ते कुणी लिवलं नाय.

डेंटर काय करतो बघा. रंग खरवडतो. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापतो, नवा तुकडा गॅसनं जोडतो. मागं डॉली धरून हातोडीनं वळण आणतो. पुट्टी शेवटी, अन् तीही पातळ. गंजावरच पुट्टी थापली तर गाडी चकाचक दिसते, पण पावसाळ्यात फोड येतात.

१९३६ साली जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला धर्मशास्त्रांवरचा घाव नको होता. म्हणजे गंज ठेवून पुट्टी. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद बारगळली, भाषण त्यांनी स्वतः छापलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईतनं गेली. पेपरांनी गाडीचे फोटो छापले, हातांचे नाय. म्हातारे डेंटर अजून गॅरेजात आहेत. वही घेऊन जा, त्यांची नावं लिहा.