दैवाचें खातें

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागतें. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं तेथें शेतें आणि मळे होते. आज कारखान्यांचीं छपरें आहेत, आणि त्यांच्या आसपास अशोकनगर, श्रमिकनगर अशा कामगारांच्या वस्त्या उभ्या आहेत. ह्या वस्तींतील एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत होता. एकदां तो वडिलांस बरोबर घेऊन माझ्या घरीं आला. वडिलांनीं चहाचा पेला डाव्या हातानें उचलला, तेव्हां उजव्या हाताकडे माझें लक्ष गेलें. त्या हाताचीं दोन बोटें मुळापासून नाहींशीं झालेलीं होतीं. माझी नजर ओळखून ते शांतपणें म्हणाले, "प्रेसवर गेलीं, सर. दैवांत होतं, दुसरं काय!" मुलगा मात्र खालीं मान घालून बसून राहिला.

'दैवांत होतें' ह्या शब्दांनीं आपल्या समाजांत आजवर किती प्रश्न विचारले जाण्यापूर्वींच मिटले असतील, ह्याची गणती नाहीं. मनुष्याच्या अंगास होणाऱ्या इजांचा इतिहास पाहूं लागलें असतां असें दिसतें कीं, दैवाच्या खात्यावर मांडलेल्या रकमा एकेक करून कर्तव्याच्या खात्यावर वळत्या करण्याचाच तो इतिहास आहे. ही वळती नोंद कोणीं केली, केव्हां केली, आणि कोणत्या रकमा अद्यापि जुन्याच खात्यांत पडून आहेत, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

आपला समाज पूर्वींपासून निव्वळ दैववादी आहे, असा एक समज आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींत रूढ आहे. तो खरा नाहीं. त्याची साक्ष नाशिकच्या नदींतच उभी आहे. गोदावरीच्या पात्रांत, रामकुंडानजीक, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ति आहे. पावसाळ्यांत नदीस पूर आला म्हणजे पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, अशी वार्ता गांवभर पसरते, आणि तेवढ्या एका वाक्यावरून नदीकांठचे दुकानदार आपला माल हलवूं लागतात. येथें तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: धोका मोजण्याचें सर्वांस दिसणारें माप, तें माप वाचतां येणारा समाज, आणि वाचल्यावर काय करावयाचें ह्याचा ठरलेला संकेत. ह्या तिन्ही गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभें आहे.

नदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच असते. तिचा स्वभाव आजोबांस नातवास सांगतां येतो. यंत्राचें तसें नाहीं. तें एका पिढीच्या आंत गांवांत येऊन ठाकतें, आणि शेत सोडून आलेल्या माणसास त्याचा स्वभाव सांगणारा आजोबा कोणी नसतो. मुंबईंत पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत कोंकण व देशावरून हजारों माणसें, बायका आणि मुलें त्या फिरत्या पट्ट्यांच्या व दांतेरी चक्रांच्या सहवासांत येऊन पडलीं. १८७५ सालीं मुंबई सरकारनें गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं एक मंडळ नेमलें, आणि १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यांत्रिक कारखान्यांसच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावें, अशीं त्यांतील मुख्य कलमें होतीं. सात वर्षांच्या मुलानें नऊ तास गिरणींत राबावें, ही त्या काळची दया! ह्या कायद्यामागें लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ आहे, असा आक्षेप त्या वेळीं घेतला गेला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. तथापि हेतु कांहींहि असो, यंत्रास कुंपण नसणें हा कोणाचा तरी दोष आहे, एवढें त्या कायद्यानें प्रथमच मान्य केलें.

परंतु कुंपण नसल्यानें ज्याचा हात गेला त्याचें पुढें काय, ह्याविषयीं कायदा मुका होता. तो प्रश्न एका मराठी माणसानें विचारला. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणींत नोकरी केलेले गृहस्थ. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळापुढें जावा म्हणून तयार केला. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, दर महिन्यास ठरल्या तारखेच्या आंत पगार, ह्या त्यांतील मागण्या प्रसिद्ध आहेत. शेवटची मागणी मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. काम करतांना इजा होऊन जो कामगार तात्पुरता निकामी होईल त्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जो जन्माचा पंगु होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

ह्या मागणीचें मोल कळण्यास त्या काळच्या इंग्लंडाकडे पाहावें. तेथील न्यायालयांनीं १८३७ पासून असा सिद्धांत धरला होता कीं, नोकर धोका जाणूनच नोकरी पत्करतो, म्हणून सोबतच्या कामगाराच्या चुकीनें त्यास इजा झाली तर मालक जबाबदार नाहीं. दैववाद ही केवळ पूर्वेकडील मिरास आहे असें मानणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें; पश्चिमेनें त्याच दैववादास कायद्याचा झगा चढविला होता. रविवारची सुटी लोखंड्यांच्या हयातींत, १८९० सालीं मिळाली. इजेच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ सालीं झाला आणि पुढील वर्षीं अमलांत आला. अर्जास तोंवर चाळीस वर्षें झालीं होतीं, आणि अर्जदार १८९७ सालींच, प्लेगच्या सांथींत, निवर्तला होता.

तथापि भरपाई आणि प्रतिबंध ह्यांत मोठें अंतर आहे. १९२३ च्या कायद्यानें तुटलेल्या बोटाची किंमत ठरविली. बोट तुटूं नये ह्याची तजवीज करणें बाकीच राहिलें. १९४८ च्या कारखाने कायद्यानें तें काम बरेंच पुढें नेलें. यंत्रशक्ति वापरणाऱ्या ज्या कारखान्यांत दहा माणसें असतील तेथपर्यंत कायद्याचा हात पोंचला, आणि चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्याचें दार बंद झालें. ४ मार्च १९६६ रोजीं राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. १९८४ सालीं भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसांचा बळी घेतला. त्यानंतर, १९८७ सालीं, धोक्याच्या प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत मालक व कामगार ह्यांचे सारख्या संख्येचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिति आवश्यक ठरली. जो यंत्रापुढें उभा राहतो त्यासहि यंत्राविषयीं बोलण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट कायद्यास पटण्यास १८८१ पासून एकशें सहा वर्षें लागलीं. १९४८ चा हा कायदा आणि आणखी बारा कायदे २०२० सालीं संसदेनें एका संहितेंत गोविले.

सातपूरची वसाहत ह्या इतिहासाच्या उत्तरार्धांत जन्मली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि ज्या गांवांच्या जमिनी उद्योगांसाठीं घेतल्या गेल्या त्यांत सातपूर होतें. मोठ्या कारखान्यांभोंवतीं त्यांस सुटे भाग पुरविणारीं लहान वर्कशॉपें उभीं राहिलीं. पत्र्यास आकार देणारा पॉवर प्रेस हें त्यांतील नित्याचें यंत्र. त्याचा धोका समजण्यास सोपा आहे: वरचा ठोकळा खालीं येतो त्या क्षणीं हात आंत असतां कामा नये. उपायहि तितकाच सोपा आहे. यंत्रास एकमेकींपासून दूर अशा दोन कळा बसवावयाच्या, आणि दोन्ही हातांनीं दोन्ही कळा एकदम दाबल्या तरच ठोकळा उतरेल अशी योजना करावयाची. दोन्ही हात कळांवर असले म्हणजे ते साच्यांत असूं शकत नाहींत.

तरीहि बोटें जातात. जेथें नगावर पैसे मिळतात तेथें एक कळ दाबलेल्या स्थितींत बांधून ठेवण्याचा मोह कामगारास होतो; काम लवकर उरकतें, आणि माल निघत असल्यामुळें मुकादमहि तिकडे डोळेझांक करतो. माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांची हकीकत हीच होती, असें पुढें बोलण्यांतून निघालें. यंत्रावर माप होतें, संकेतहि होता; तो पाळण्यासाठीं परस्परांस हटकणारा समाज तेवढा नव्हता. दुतोंड्या मारुतीच्या छातीशीं पाणी आलें असतां दुकानांत बसून राहणाऱ्यास शेजारी हात धरून बाहेर काढतो. बांधलेली कळ पाहून शेजारचा कामगार कांहीं बोलत नाहीं, कारण त्याचीहि कळ बांधलेलीच असते.

कायद्याची दुसरी मर्यादा कारखान्याच्या फाटकाशीं आहे. आठ तासांची पाळी संपवून कामगार बाहेर पडला कीं उरलेले सोळा तास तो, त्याची बायको, मुलें व म्हातारी आई हीं सर्व कोणाच्या खात्यावर? संक्रांतीच्या सुमारास मुलगा गच्चीवर पतंग उडवितो. त्याचा नायलॉनचा मांजा रस्त्यावरून दुचाकीनें जाणाऱ्याचा गळा कापतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं ह्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी गुपचूप मांजा विकणारा दुकानदार आणि तो विकत घेणारा बाप हे आपल्याच गल्लींतले असतात. घरांत चुलीजवळ मूल भाजतें. ओल्या फरशीवर आजीचा पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें. ह्या इजा आपण अपघात म्हणून मोजीतहि नाहीं. लंकेंत रॉकेलच्या बाटलीचे दिवे उलटून माणसें भाजतात हें पाहून तेथील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत एक नवा दिवा योजिला: बुटका, जड, सपाट बाजूंचा, आणि फिरकीच्या झांकणाचा. तो सहसा उलटत नाहीं, आणि उलटला तरी तेल सांडत नाहीं. आपल्याकडील पत्र्याच्या चिमणीनें किती घरें जाळलीं असतील! तिचा आकार बदलावा, हें आपणांपैकीं कितीजणांच्या मनांत आलें?

सातपूरच्या ह्याच रस्त्यानें दर बारा वर्षांनीं सिंहस्थाचा लोंढा नाशिक व त्र्यंबकेश्वर ह्यांच्या दरम्यान वाहतो. २७ ऑगस्ट २००३ रोजीं शाही स्नानाच्या दिवशीं रामकुंडाकडील अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसें मेलीं. त्या वेळीं चांदीचीं नाणीं उधळलीं गेलीं म्हणून गर्दी उसळली, असें सांगण्यांत आलें. असेलहि, परंतु गर्दी ही नदीप्रमाणेंच असते, पात्र अरुंद असलें म्हणजे लहानशा निमित्तानेंहि ती कांठ फोडते. २०१५ च्या मेळ्यासाठीं नवे घाट बांधण्यांत आले आणि वाहनें शहराबाहेर थांबविण्यांत आलीं. भाविकांस फार पायपीट घडली म्हणून तक्रारीहि झाल्या, पण २००३ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. बारा वर्षांपूर्वीं जें दैवाच्या खात्यावर होतें, तें ह्या वेळीं कर्तव्याच्या खात्यांत मांडलें गेलें, एवढाच काय तो फरक.

मेळ्यास जें साधलें तें वस्तीस रोज साधेल काय? ह्याचें उत्तर स्वीडन देशांतील दोन लहान गांवांनीं दिलें आहे. फालशॉपिंग येथें १९७८ च्या सुमारास दवाखान्यांत येणाऱ्या प्रत्येक जखमीची नोंद सुरू झाली: वय काय, इजा कोठें झाली, कशानें झाली. मग डॉक्टर, शिक्षक, कारखानदार, शेतकरी व वृद्धांच्या संस्था ह्यांनीं एकत्र बसून तो हिशेब वाचला आणि आपापल्या वांट्याचें काम उचललें. थोड्याच वर्षांत इजांचें प्रमाण सुमारें पाव हिश्श्यानें उतरलें. पुढें उत्साह मावळला, तसे आंकडे पुन्हां चढले. हा धडाहि पहिल्याइतकाच मोलाचा आहे. १९८९ सालीं स्टॉकहोमच्या परिषदेंत सुरक्षित समाजाचा जाहीरनामा निघाला, आणि त्या पद्धतीचें पहिलें गांव म्हणून लिडशॉपिंगची नोंद झाली. सर्व वयांचीं माणसें आणि घर, रस्ता, शाळा, कारखाना हीं सर्व ठिकाणें एकाच हिशेबांत घ्यावयाचीं, हें त्या पद्धतीचें मर्म.

स्वीडन श्रीमंत आहे, आम्हांस हें कसें परवडावें, असें कोणी म्हणेल. परंतु वही आणि पेन्सिल ह्यांस फारसा खर्च येत नाहीं. सातपूरला कामगार विम्याचें रुग्णालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, शाळा आहेत, गल्लोगल्लीं गणेशोत्सवाचीं मंडळें व बायकांचे बचतगट आहेत. माप वाचणारा समाज तेथें आयताच आहे. ज्यावरून वाचावयाचें तें माप तेवढें उभें करावयाचें आहे. वस्तींतील प्रत्येक इजेची साधी नोंद ठेवावी आणि दर महिन्यास ती चौकांतील फळ्यावर लिहावी, एवढ्यानें आरंभ होईल. मात्र त्या नोंदींत जखमी माणसाच्या चुकीपाशींच थांबूं नये. कळ त्यानें बांधली हें खरें. पण ती कोणत्या मजुरीनें बांधवून घेतली, हेंहि त्याच ओळींत लिहिलें पाहिजे. नाहींतर दैवाचें खातें बंद होऊन गरिबाच्या निष्काळजीपणाचें नवें खातें उघडेल, आणि फरक कांहींच पडणार नाहीं.

त्या संध्याकाळीं बाप-लेक जावयास निघाले, तेव्हां मुलगा दाराशीं क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, दोन्ही कळा चालू असत्या तर बोटं गेलीं नसतीं." वडील पुढें गेले होते, त्यांनीं तें ऐकलें नाहीं. लोखंड्यांच्या अर्जावर ज्या साडेपांच हजारांनीं सह्या केल्या, त्यांच्याहि घरीं असेंच कोणीतरी बोललें असेल.