एचआयव्हीचा औषधप्रतिरोध

एचआयव्हीचा औषधप्रतिरोध म्हणजे एचआयव्ही या विषाणूच्या जनुकीय रचनेत असे बदल होणे, की ज्यांमुळे पूर्वी त्याची वाढ रोखणारे औषध निष्प्रभ ठरते. हा प्रतिरोध रुग्णाच्या शरीराचा नसून विषाणूचा गुणधर्म असतो. म्हणून असा विषाणू दुसऱ्या व्यक्तीस संक्रमित झाल्यास, तिने पूर्वी एकही गोळी घेतलेली नसली तरी ते औषध तिला लागू पडत नाही. या कारणाने औषधप्रतिरोध हा केवळ एका रुग्णाचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो. महाराष्ट्रात या विषयावरील संशोधनाचे प्रमुख केंद्र पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे आहे.

प्रतिरोधाची उत्पत्ती

एचआयव्हीची जनुकीय माहिती सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइडांच्या आरएनए रेणूत साठवलेली असते. विषाणू पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर त्या माहितीची डीएनएमध्ये नक्कल करते. नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची क्षमता या विकरात नसते. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एखाद-दुसरा बदल झालेले विषाणू औषध सुरू होण्यापूर्वीच अस्तित्वात असतात. औषध त्यांना निर्माण करत नाही; ते इतर विषाणूंची वाढ रोखून या थोड्यांना वाढण्यास मोकळीक देते.

झिडोव्हुडिन या पहिल्या औषधास अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली आणि १९८९ मध्येच त्यास दाद न देणारे विषाणू नोंदवले गेले. एकाच विषाणूत तीन औषधांविरुद्धचे बदल एकाच वेळी घडून येण्याची शक्यता अत्यल्प असते. याच तत्त्वावर १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती रूढ झाली.

प्रतिरोध निर्माण करणाऱ्या बदलांना त्यांच्या स्थानावरून नावे दिली जातात. उदाहरणार्थ, ‘एम१८४व्ही’ या बदलात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमधील १८४ व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन हे ॲमिनो आम्ल येते व लॅमिव्हुडिन निकामी होते. ‘के१०३एन’ या बदलात १०३ व्या स्थानी लायसिनची जागा ॲस्पॅराजिन घेते. त्यामुळे नेव्हिरॅपिन व इफाव्हिरेन्झ ही दोन्ही औषधे एकदमच हातची जातात.

औषधातील खंड

प्रतिरोध वाढण्याचे प्रमुख कारण म्हणजे उपचारात पडणारा खंड. तीन औषधे एकाच दिवशी थांबवली, तरी ती रक्तातून एकाच वेळी नाहीशी होत नाहीत. नेव्हिरॅपिन दीर्घकाळ रक्तात रेंगाळते. इतर दोन औषधे ओसरल्यावर विषाणूशी सामना करण्यास ते एकटेच उरते आणि त्याविरुद्धचा प्रतिरोध सहज फोफावतो. प्रसूतीच्या वेळी मातेस नेव्हिरॅपिनची एकच मात्रा देण्याच्या जुन्या पद्धतीतही हाच धोका होता. भारतात २०१४ पासून गरोदर स्त्रियांना तीन औषधांचा आजीवन उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

खंड पडण्यास केवळ रुग्णाचा हलगर्जीपणा कारणीभूत असतो, असे नाही. केंद्रातील साठा संपणे, प्रवासखर्च, बुडणारी रोजंदारी आणि आजार उघड होण्याची भीती हीही कारणे आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावी कामासाठी आलेला कामगार काही महिने आपल्या मुलखात गेला, तर तेथील केंद्रातून त्यास औषध मिळण्याची सोय असणे अत्यावश्यक ठरते.

निदान

उपचार सुरू असूनही रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या १,००० हून अधिक प्रती आढळल्यास उपचार अयशस्वी होत असल्याची शंका घेतली जाते. अशा वेळी रुग्ण औषध नियमित घेतो का, हे प्रथम पाहिले जाते. औषध पोटात न गेल्यानेही विषाणुभार वाढू शकतो. त्यानंतर विषाणूचा आरएनए वेगळा करून संबंधित जनुकांचा क्रम वाचतात व ज्ञात बदलांच्या सूचीशी तो ताडून पाहतात. दूरच्या केंद्रांतून नमुने आणण्यासाठी विशिष्ट कागदावर वाळवलेले रक्ताचे ठिपके वापरता येतात.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये पुण्याजवळील भोसरी येथे स्थापन झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या या संस्थेचे नाव पुढे ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च’ असे झाले.

मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देण्याची तयारी दर्शवली. त्यानंतर गरीब देशांतही व्यापक उपचार शक्य झाले. भारत सरकारची मोफत उपचार योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. मुंबईतील सर ज. जी. रुग्णालय तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. पहिल्या उपचारास दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी दुसऱ्या फळीतील औषधे जानेवारी २००८ मध्ये याच रुग्णालयात व चेन्नईजवळील तांबरम येथे प्रथम उपलब्ध झाली. ती पहिल्या फळीतील औषधांपेक्षा महाग होती. स्वस्त औषधे टिकवून धरण्याचे महत्त्व यावरून लक्षात येते.

पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी चेन्नई व मुंबई येथील केंद्रांत नव्याने उपचार सुरू करणाऱ्या रुग्णांचा मागोवा घेतला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांचा विषाणुभार नियमितपणे मोजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी सीडी-४ पेशींची संख्या व रुग्णाची प्रकृती यांवरच मुख्यतः विसंबावे लागे. पेशी घटू लागण्याच्या बऱ्याच आधी विषाणुभार वाढलेला असतो. या दरम्यान निकामी उपचार चालू राहिल्यास विषाणूत एकामागून एक बदल साचत जातात.

पाळत

प्रत्येक रुग्णाचा जनुकक्रम वाचणे खर्चिक असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने नमुना-सर्वेक्षणाची पद्धत घालून दिली आहे. उपचार सुरू करण्यापूर्वीच नेव्हिरॅपिन वा इफाव्हिरेन्झविरुद्धचा प्रतिरोध १० टक्के वा अधिक रुग्णांत आढळल्यास देशाने पहिल्या फळीतील औषध बदलावे, अशी शिफारस संघटनेने २०१७ मध्ये केली. याखेरीज काही पूर्वसूचक निकषही ठरवलेले आहेत. किती रुग्ण ठरलेल्या वेळी औषध नेतात आणि केंद्रातील साठा कितीदा संपतो, हे त्यांपैकी दोन होत. या नोंदींसाठी प्रयोगशाळा लागत नाही. औषधवाटपाची नोंदवही पुरते.

२०२२ मध्ये औषधटंचाईच्या तक्रारीवरून रुग्णांनी दिल्लीतील राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर दीर्घकाळ आंदोलन केले. देशपातळीवर साठा पुरेसा असल्याचे शासनाचे म्हणणे होते. तथापि, औषध देशात आहे एवढ्याने भागत नाही. ते ठरलेल्या दिवशी रुग्णाच्या केंद्रात असावे लागते.

डोल्युटेग्राव्हिर

२०२० च्या सुमारास भारतात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर ही एकाच गोळीतील औषधयोजना स्वीकारण्यात आली. डोल्युटेग्राव्हिर विषाणूच्या इंटिग्रेज या वेगळ्या विकरास रोखते. त्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होणे अवघड असते, पण अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, हे औषध घेऊनही विषाणुभार न घटलेल्या रुग्णांतील त्याविरुद्धच्या प्रतिरोधाचे प्रमाण निरनिराळ्या सर्वेक्षणांत ३.९ ते ८.६ टक्के नोंदवले आहे. त्यामुळे प्रभावी औषध हाती आल्यानंतरही विषाणुभाराची वेळेवर तपासणी व औषधाचा अखंड पुरवठा यांची गरज कायम आहे.